'व्हॉट डू यू डू?' : एकाच वाक्यातले दोन 'डू'

'व्हॉट डू यू डू?' या चार शब्दांत 'डू' दोनदा येतो. मराठीत हेच विचारायचं तर 'तुम्ही काय करता?' एवढं पुरतं. 'करता' एकदाच. मग इंग्रजीत एक 'डू' जास्तीचा कुठून आला?

शेवटचा 'डू' म्हणजे आपलं 'करणे'. जास्तीचा आहे तो आधीचा, आणि त्याला स्वतःचा काही अर्थ नाही. त्याचं काम हमालाचं. वाक्यातला काळ, कर्त्याचा पुरुष आणि वचन, 'नॉट'चा नकार आणि प्रश्नाची खूण हे सगळं ओझं तो उचलतो, म्हणजे अर्थ सांगणारं क्रियापद मोकळं राहतं. मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका आठवून पाहा: 'आय डिडन्ट वेंट', 'व्हाय यू केम?', 'डझ शी नोज?'. तिन्ही याच हमालाच्या आसपासच्या आहेत. एक तर ओझं दोघांवर टाकलंय, नाही तर हमालच बोलावलेला नाही. नियम घोकून या चुका जात नाहीत. ओझं कोणतं आणि ते कोणाच्या डोक्यावर हे दिसायला लागलं की त्या आपोआप खटकायला लागतात.

रूपं आणि उच्चार

बी आणि हॅव यांच्या पाठोपाठ इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं क्रियापद म्हणजे डू. त्याची रूपं पाच: डू, डझ, डिड, डन, डूइंग. ओझं वाहायला फक्त पहिली तीन येतात. 'डन' आणि 'डूइंग' नेहमी 'करणे' याच अर्थाने येतात आणि त्यांनाच दुसऱ्याचा आधार लागतो: 'आय हॅव डन इट', 'शी इज डूइंग इट'.

गफलत होते ती 'डझ'मध्ये. लिहिताना 'डू'ला 'ई-एस' जोडलेला दिसतो, शिवाय 'गो'चं 'गोज' होतं, म्हणून अनेक जण 'डूज' म्हणतात. खरा उच्चार आपल्या 'डझन'मधल्या 'डझ'सारखा आखूड आहे. 'डन'ही तसाच, 'सन'शी यमक जुळणारा. 'डोन्ट'मध्ये मात्र 'ओ' ऐकू येतो. एकाच क्रियापदाच्या, 'ओ'ने लिहिल्या जाणाऱ्या रूपांतच तीन वेगळे स्वर आहेत, कारण बोलताना काही रूपं लांबली, काही आखडली आणि स्पेलिंग जुन्या जागीच राहिलं.

काळ एकदाच

'शी वर्क्स हिअर' हे वाक्य नकारार्थी करून पाहू. 'वर्क्स'च्या शेवटी 'एस' आहे. ती वर्तमानकाळाची आणि 'शी' या तृतीयपुरुषी एकवचनाची खूण. 'नॉट' आणायचा म्हटलं की आधी ही खूण 'वर्क'वरून उतरवायची आणि 'डू'वर चढवायची. 'डू'चा 'डझ' झाला. त्याच्या मागे 'नॉट', आणि मग उघडं उरलेलं 'वर्क': 'शी डझ नॉट वर्क हिअर.' भूतकाळात 'शी वर्क्ड' असेल तर 'एड' उतरवून 'डू'वर चढवायचा. 'डू'चा 'डिड' होतो आणि 'वर्क' पुन्हा उघडं: 'शी डिड नॉट वर्क.'

घोटाळा होतो तो 'वेंट', 'केम', 'सॉ', 'टूक' अशा क्रियापदांत, कारण त्यांत भूतकाळाची खूण वेगळी दिसत नाही. 'वर्क्ड'मधला 'एड' डोळ्यांना दिसतो, 'वेंट'मध्ये भूतकाळ आत मुरलेला असतो. तरी हिशेब तोच. 'वेंट'मधून भूतकाळ काढून घेतला की 'गो' उरतो. म्हणून 'डिड नॉट गो'. लिहिलेलं वाक्य तपासायचं असेल तर खुणा मोजाव्यात. 'डिड'मध्ये भूतकाळाची एक खूण आली, आता पुढच्या क्रियापदात दुसरी नको. 'डझ'मध्ये 'एस' आला, आता 'नोज'मध्ये नको: 'डझ शी नो?'

हे आपल्याला परकं वाटावं असं नाही, कारण मराठी हेच करते. 'तू जातोस' याचं नकारार्थी रूप काय? 'तू जात नाहीस.' 'ते जातात' याचं? 'ते जात नाहीत.' 'जातोस'मधला 'स' सुटून 'नाही'वर बसला. 'जातात'मधलं अनेकवचन 'नाहीत'मध्ये गेलं, आणि मागे उरलं नुसतं 'जात'. 'गोज'चा 'एस' 'डझ'वर जाऊन मागे 'गो' उरतो, ती हीच हालचाल.

भूतकाळात मात्र मराठीची वाट वेगळी होते. 'तू गेलास' याचं 'तू गेला नाहीस' होतं. 'स' हलला, पण भूतकाळ 'गेला'मध्येच राहिला. 'ते गेले'चं 'ते गेले नाहीत'. इथेही 'गेले' जागचं हललं नाही. 'आय डिडन्ट वेंट' नेमकं इथून येतं: 'गेलो'च्या जागी 'वेंट' आणि 'नाही'च्या जागी 'डिडन्ट', शब्दाला शब्द. तोंडात 'डिडन्ट' आला की मनात 'गेला नाही' न आणता 'जात नाही'मधलं ते उघडं 'जात' आणावं. पुढे 'गो' आपोआप येतो.

प्रश्न, आणि 'हू'ची अडचण

मराठीत प्रश्न करायला शब्दांची जागा बदलावी लागत नाही. 'तू नाशिकला राहतोस' यापुढे 'का' जोडला की झालं. इंग्रजीत हमाल कर्त्याच्या पुढे येऊन उभा राहतो: 'यू लिव्ह इन नाशिक' वरून 'डू यू लिव्ह इन नाशिक?' व्हाय, व्हेन, व्हेअर, हाऊ असा प्रश्नशब्द असेल तर तो सगळ्यांत आधी, त्यामागे हमाल, मग कर्ता आणि शेवटी उघडं क्रियापद: 'व्हाय डिड यू कम?' 'व्हाय यू केम?' ही 'तू का आलास?' या वाक्याची सावली आहे. तिथे 'का' मधे आला तरी 'आलास' जागचं हलत नाही.

'हू' आणि 'व्हॉट' यांच्याबाबत मात्र थांबून विचार करावा लागतो. 'हू कॉल्ड रमा?' आणि 'हू डिड रमा कॉल?' या दोन्ही वाक्यांत माणसं तीच आहेत, अर्थ उलटे आहेत. पहिल्याचा अर्थ 'रमाला कोणी फोन केला?' आणि दुसऱ्याचा 'रमाने कोणाला फोन केला?' मराठीत 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय कोण कर्ता आणि कोण कर्म ते सांगून टाकतात, म्हणून शब्द कसेही फिरवले तरी चालतं. इंग्रजी नामांचे असे प्रत्यय फार पूर्वीच झिजून गेले. आता हे काम शब्दांची जागा आणि 'डू' मिळून करतात. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर 'डू' लागत नाही. 'व्हॉट हॅपन्ड?' हे वाक्य सगळे बरोबर म्हणतात, 'व्हॉट डिड हॅपन?' सहसा कोणी म्हणत नाही. शंका आली की तेच आठवावं: 'हू ब्रोक द ग्लास?' हे 'व्हॉट हॅपन्ड?'च्या घरातलं आहे.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की 'डू' गळून पडतो. 'व्हेअर डझ ही लिव्ह?' हा सरळ प्रश्न. 'कुठे राहतो ते त्याला विचार' म्हणायचं असेल तर 'आस्क हिम व्हेअर ही लिव्ह्ज'. हमाल गेला, म्हणून 'एस' पुन्हा मालकाकडे, 'लिव्ह'कडे, परत आला. इंग्रजी चांगलं लिहिणाऱ्यांच्याही पत्रांत 'आय वॉन्ट टू नो व्हेअर डझ ही लिव्ह' असं आढळतं, म्हणून ही जागा जपावी.

काही क्रियापदांना हमाल लागत नाही, कारण ती आपलं ओझं आपणच उचलतात: ऍम, इज, आर, वॉज, वेअर, तसंच कॅन, विल, शुड, मस्ट. 'डू यू कॅन?' होत नाही, 'कॅन यू?' होतं. 'हॅव' दोन्हीकडे असतं. जवळ असणे, मालकीचं असणे या अर्थाने आलं तर आज बहुतेक ठिकाणी 'डू यू हॅव अ पेन?', आणि दुसऱ्या क्रियापदाला मदत करायला आलं तर 'हॅव यू सीन इट?' एक अपवाद मात्र पक्का आहे. मनाई करताना 'बी'लाही 'डू' लागतो: 'डोन्ट बी लेट.'

उत्तर देताना

'जेवलास का?' या प्रश्नाला मराठी माणूस 'जेवलो' म्हणतो. आपल्याकडे उत्तरात क्रियापद पुन्हा येतं. इंग्रजीत 'डिड यू ईट?' याचं सहज उत्तर 'यस, आय डिड'. मूळ क्रियापद गाळायचं आणि हमाल पुढे करायचा. 'यस, आय एट' चुकीचं नाही, पण बोलण्याची चाल ती नाही. 'मीसुद्धा' म्हणायला 'सो डू आय', 'तिनेही नाही' म्हणायला 'नायदर डिड शी'. वाक्याच्या शेवटी आपण 'ना?' लावतो, तिथेही हाच लागतो: 'यू लिव्ह इन पुणे, डोन्ट यू?' भारतात या जागी सरसकट 'इझन्ट इट?' ऐकू येतं. आपसांत ते सर्वांना कळतं, पण परीक्षेत त्याचे गुण कापले जातात.

नकारार्थी प्रश्नात खरा धोका आहे, कारण तिथे व्याकरण बरोबर असूनही अर्थ उलटा होऊ शकतो. 'डोन्ट यू हॅव द रिसीट?' असं कोणी विचारलं आणि पावती नसेल, तर मराठी मन म्हणतं, 'हो, नाहीये.' म्हणजे 'तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही माझ्याकडे.' मराठीतला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला मान डोलावतो. इंग्रजीतला 'यस' वस्तुस्थितीबद्दल बोलतो: पावती आहे तर 'यस, आय डू', नाही तर 'नो, आय डोन्ट', प्रश्न कसाही विचारलेला असो. नुसतं 'यस' म्हणून थांबलं तर ऐकणारा पावती आहे असं समजतो. फोनवर, बँकेत, व्हिसाच्या मुलाखतीत अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नये. पुढचे दोन शब्द, 'आय डू' किंवा 'आय डोन्ट', जोडावेत, म्हणजे संशय राहत नाही. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' हा प्रश्न असाच आहे. 'माइंड' म्हणजे हरकत असणे. बसू द्यायचं असेल तर उत्तर 'नो, नॉट ऍट ऑल'.

साध्या होकारार्थी वाक्यात 'डू' लागत नाही, आणि तरीही तो आला तर त्याचं वजन मराठी 'च'सारखं असतं. 'आय पेड' म्हणजे 'मी पैसे भरले'. 'आय डिड पे', त्यातल्या 'डिड'वर जोर देऊन, म्हणजे 'मी पैसे भरलेच होते'. समोरच्याने आधी काही नाकारलं असेल तिथे हा शोभतो. इंग्रजी जरा भारदस्त दिसावं म्हणून ईमेलमध्ये 'आय डिड सबमिट द फॉर्म ऑन मंडे' असं लिहिलं जातं. वाचणाऱ्याला त्यात तक्रारीचा सूर लागतो: 'दिला होता म्हटलं ना!' वाद नसेल तर 'आय सबमिटेड' पुरे. आग्रहाच्या निमंत्रणात मात्र 'प्लीज डू कम' छान बसतं, 'याच हं' सारखं.

'धा' आणि 'डू'

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर बोलताना न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं. पुढे डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम या भाषाभ्यासकांनी ध्वनी कोणत्या नियमाने बदलत गेले ते दाखवलं. ग्रिम यांची मांडणी १८२२ची. त्यातला एक नियम आपल्याला सहज पडताळता येतो: संस्कृतात जिथे 'ध' आहे, तिथे इंग्रजीत 'ड' सापडतो. मध्य आणि मिड. विधवा आणि विडो. रुधिर आणि रेड. आणि याच ओळीत 'धा' आणि 'डू'.

'धा' या संस्कृत धातूचा अर्थ ठेवणे, स्थापणे. 'डू'चा मूळ अर्थही तोच होता, 'करणे' नंतर आलं. मराठीत 'धा' एकटा वापरात नाही, पण त्याच्या पोटचे शब्द रोज तोंडात असतात: विधान, विधी, निधी, संधी, समाधान. 'शुभमंगल सावधान'मधला 'सावधान'ही त्यातलाच: स आणि अवधान. 'पुरोहित' म्हणजे पुढे ठेवलेला, कारण 'हित' हे 'धा'चंच भूतकालीन रूप. खुद्द 'धातू' हा शब्दसुद्धा 'धा'पासूनच आलाय. ग्रीकमध्ये हेच मूळ 'थ' घेऊन आलं, त्यातून थीसिस आणि थीम. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ' घेऊन आलं, त्यातून फॅक्ट आणि फॅक्टरी. 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) हे तर एकाच जुन्या जोडशब्दाचे वंशज आहेत, हृदय ठेवणे अशा अर्थाचे. 'क्रेडिट कार्ड'मधला क्रेडिट आणि आपली श्रद्धा ही सख्खी भावंडं आहेत. 'करणे' मात्र 'कृ' धातूचं. 'डू'चा आणि त्याचा अर्थ जुळला तरी कूळ वेगळं.

इंग्रजीत 'डू'चा हा जुना 'ठेवणे' अर्थ काही कोपऱ्यांत शिल्लक आहे. २०२०मध्ये कोविडच्या वॉर्डांबाहेर 'डॉनिंग' आणि 'डॉफिंग' अशा पाट्या लागल्या. पीपीई किट चढवायची जागा ती डॉनिंगची, उतरवायची ती डॉफिंगची. 'डॉन' म्हणजे 'डू ऑन' आणि 'डॉफ' म्हणजे 'डू ऑफ', अंगावर ठेवणे आणि अंगावरून काढणे. आपण कपड्यांसाठी 'परिधान' म्हणतो, त्यात 'परि' म्हणजे भोवती आणि 'धान' म्हणजे ठेवणे. एकाच मुळातून, एकाच कामासाठी, हजारो मैलांवर दोन शब्द घडले. 'डूम' हाही याच घरातला. त्याचा जुना अर्थ निवाडा, ठरवून ठेवलेला कायदा, जसा आपल्या 'विधी'चा एक अर्थ कायदा. १०८६मध्ये इंग्लंडच्या जमिनीची आणि मालमत्तेची जी मोठी नोंद झाली, तिचं 'डूम्सडे बुक' हे नाव त्याच 'निवाड्याच्या दिवसा'वरून पडलं. 'फ्रीडम' आणि 'किंगडम' यांच्या शेपटीला तोच शब्द झिजून 'डम' म्हणून लागला आहे.

हमाल कसा झाला

जुन्या इंग्रजीला प्रश्नासाठी किंवा नकारासाठी 'डू' लागत नसे. 'मला माहीत नाही' हे 'आय नो नॉट' असं म्हणत, आजच्या जर्मन भाषेतल्या 'इश वाइस निश्ट'सारखं. तेराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण-पश्चिम इंग्लंडच्या लेखनात 'डू' आणि त्यापुढे दुसरं क्रियापद अशी जोडी दिसू लागते. तिचं एक उगमस्थान 'करवणे' या अर्थात आहे असं बरेच अभ्यासक मानतात. 'ही डिड बिल्ड अ हाउस' म्हणजे त्याने घर बांधवून घेतलं. आता 'शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला' हे वाक्य घ्या. बांधवला असाच त्याचा अर्थ आपण घेतो, पण 'बांधला' म्हटलं तरी अडत नाही. राजाच्या बाबतीत 'बांधला' आणि 'बांधवला' यांत ऐकणाऱ्याला फरक उरत नाही. असा फरक पुसला गेला की 'डिड' पोकळ होतो आणि 'डिड बिल्ड' म्हणजे नुसतं 'बिल्ट'. वेल्श आणि कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांत अशी रचना आहे, तिचा प्रभाव इंग्रजीवर पडला असंही एक मत आहे. त्यावर वाद चालू आहे.

सोळाव्या शतकात हा पोकळ 'डू' सगळीकडे शिरला, होकारार्थी वाक्यांतसुद्धा. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये 'एट'च्या जागी 'डिड ईट' ठिकठिकाणी आहे. त्याच बायबलमध्ये 'दे नो नॉट व्हॉट दे डू' हेही आहे, म्हणजे नकार जुन्या पद्धतीचा. दोन्ही चाली शेजारी शेजारी नांदत होत्या. स्वीडनचे भाषाभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांनी १९५३च्या अभ्यासात या काळातल्या लेखनातली उदाहरणं मोजून 'डू' कुठे वाढला, कुठे ओसरला ते दाखवलं. होकारार्थी वाक्यातून तो मागे हटला आणि जोर देण्यापुरता उरला. प्रश्नात आणि नकारात मात्र अठराव्या शतकापर्यंत तो जवळपास सक्तीचा झाला. 'नो' हे क्रियापद सर्वांत हट्टी निघालं, 'आय नो नॉट' बराच काळ टिकून राहिलं. 'डू'मुळे सोय झाली ती अशी: प्रत्यय झिजल्यावर कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम इंग्रजीला घट्ट धरावा लागला. प्रश्न करताना मुख्य क्रियापद उडी मारून पुढे गेलं तर हा क्रम मोडतो. हमाल पुढे पाठवला की क्रियापद आपल्या कर्माजवळच राहतं.

याहून जुनी एक गोष्ट 'डिडन्ट वॉक्ड' या चुकीवर वेगळाच प्रकाश टाकते. 'वॉक्ड'च्या शेवटचा 'एड' आला कुठून? भाषाशास्त्रात सर्वाधिक मान्य असलेलं मत असं की तो 'डू'च्याच भूतकाळाचा झिजलेला अवशेष आहे. इंग्रजी, जर्मन आणि त्यांच्या भाऊबंद भाषांच्या पूर्वज भाषेत नव्या क्रियापदांचे भूतकाळ मागे 'केलं' जोडून बनवले गेले आणि ते 'केलं' पुढे शब्दात विरघळून गेलं. म्हणजे 'डिडन्ट वॉक्ड'मध्ये पुढेही 'डिड' आहे आणि मागेही 'डिड'.

मराठीत ही क्रिया आज डोळ्यांसमोर चालू आहे. 'डाउनलोड'ला मराठी प्रत्यय थेट लागत नाहीत, 'डाउनलोडलं' असं कोणी म्हणत नाही. आपण 'डाउनलोड केलं' म्हणतो. परका शब्द अर्थ देतो, आणि काळ, लिंग, वचन हे सगळं 'केलं' उचलतं. मॅनेज करतो, फॉरवर्ड केला, ऍडजस्ट करा: इथे आपला 'करणे' अगदी 'डू'सारखा हमाल झालेला आहे.

'करणे' म्हणजे नेहमी 'डू' नव्हे

हीच सवय उलट्या दिशेने नडते. मराठीत चूक करतात, आवाज करतात, तक्रार करतात. इंग्रजीत या सगळ्यांना 'मेक' लागतो: मेक अ मिस्टेक, मेक अ नॉइज, मेक अ कम्प्लेंट. ढोबळ फरक असा की 'मेक'मधून काही तरी नवं तयार होतं आणि 'डू'मध्ये काम उरकतं. म्हणून चहा 'मेक' करतात आणि चहानंतरची भांडी 'डू' करतात: 'डू द डिशेस'. होमवर्क, कोर्स, संशोधन, उपकार, धंदा हे 'डू'कडे. हा फरक सगळीकडे टिकत नाही. नुकसान मागे उरतं, तरी 'डू डॅमेज'च म्हणतात. तेव्हा नाम शिकताना त्याच्याबरोबर येणारं क्रियापदही शिकावं, हाच सुरक्षित मार्ग. काही वेळा दोन्ही चालत नाहीत: आंघोळ 'हॅव' किंवा 'टेक', प्रश्न 'आस्क', गुन्हा 'कमिट', लक्ष 'पे'. 'आय ऍम डूइंग जॉब इन अ बँक' यापेक्षा 'आय वर्क इन अ बँक' साधं आणि बरोबर.

भारतीय इंग्रजीत 'डू'चे काही खास प्रयोग आहेत. 'डू वन थिंग' हे 'एक काम कर'चं रूप. आपल्यात ते मायेचं आहे, पण परदेशी सहकारी ती 'वन थिंग' कोणती याची वाट पाहत बसतो, आणि पुढे तीन कामं येतात. त्याच्याशी बोलताना सरळ 'व्हाय डोन्ट यू कॉल हिम फर्स्ट?' म्हणावं. 'काय करणार!' या अर्थाचं 'व्हॉट टू डू!' त्याला प्रश्न वाटतो आणि तो उत्तर द्यायला लागतो. 'डू द नीडफुल' हा जुन्या ब्रिटिश कारभारी इंग्रजीतला प्रयोग आहे. तिकडे तो मागे पडला, इकडे 'योग्य ती कार्यवाही करावी'च्या शेजारी तग धरून राहिला. त्यात व्याकरणाची चूक नाही. अडचण अशी की काय करायचं हे वाचणाऱ्यावरच सोपवलं जातं. त्या जागी 'प्लीज साइन पेज ३ अँड सेंड इट बाय फ्रायडे' लिहिलं तर काम होण्याची शक्यता जास्त.

'दॅट विल डू' ऐकताना सुराकडे लक्ष द्यावं. दुकानात दुसरी पिशवी पुढे केल्यावर गिऱ्हाईक 'दिस विल डू' म्हणालं तर त्याचा अर्थ 'चालेल'. वर्गात दंगा वाढल्यावर शिक्षक 'दॅट विल डू' म्हणाले तर 'पुरे झालं आता'. आणि साहेबांच्या निरोपाला नुसतं 'विल डू' असं उत्तर आलं तर ते आहे 'करतो'.